हरवलेले सात भाग

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी पोस्टाची तिकिटे जमवत असेल, कोणी जुनी नाणी. काही माणसांना दगड जमवण्याचा छंद असतो. रस्त्यावरची खडी नाही बरे का! जमिनीच्या पोटात, खाणीच्या अंधारात तयार झालेले खनिजांचे सुंदर स्फटिक ते जमवतात. एखाद्या जुन्या खाणीतला बोटाएवढा तुकडाही त्यांना सोन्याहून मोलाचा वाटतो. ते तो कापसात ठेवतात आणि खाली एक चिठ्ठी लावतात. खनिजाचे नाव, खाणीचे नाव, सापडल्याचे वर्ष हे सारे त्या चिठ्ठीवर असते. ती चिठ्ठी हरवली, की नमुन्याची अर्धी किंमत गेली असे जाणकार मानतात.

अशाच एका तुकड्याची आणि त्याचे कोडे सोडवणाऱ्या माणसाची हकिकत तुम्हाला सांगायची आहे. त्या माणसाचे नाव क्लेमेन्स विंक्लर.

जर्मनीच्या पूर्व भागात सॅक्सनी नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतात, डोंगराच्या पायथ्याजवळ फ्रायबर्ग हे शहर वसले आहे. इ. स. ११६८ च्या सुमारास तेथे चांदी सापडली आणि पाहता पाहता रानाच्या जागी खाणी उभ्या राहिल्या. पुढे सातशे वर्षांहून अधिक काळ तेथील माणसे जमिनीत खोल उतरून चांदी वर काढत होती. खाणकामाचे शास्त्र शिकवण्यासाठी १७६५ मध्ये फ्रायबर्गला एक विद्यालय सुरू झाले. दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी तेथे येत. खाणीत काही वेगळा दगड दिसला, की तो विद्यालयाच्या संग्रहात आणून ठेवण्याची रीत तेथे होती. ही रीत लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत तिला फार महत्त्व आहे.

खाणीत चांदी नेहमी चांदीसारखी दिसत नाही. पुष्कळदा ती दुसऱ्या पदार्थांशी मिसळून, रूप पालटून बसलेली असते. एक धातू, त्याच्या जोडीला आर्सेनिक किंवा अँटिमनी आणि तिसरा गंधक, अशा तिघांच्या मेळातून जी खनिजे बनतात त्यांना सल्फोसॉल्ट म्हणतात. आर्सेनिक म्हणजे कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. मराठीत ज्याला सोमल आणि उर्दूत संखिया म्हणतात, ते विष याच आर्सेनिकपासून बनते. विष असले तरी त्याने घडवलेले स्फटिक मात्र देखणे असतात. प्रूस्टाइट नावाचे खनिज माणकासारखे लाल असते. त्यात चांदी, आर्सेनिक आणि गंधक असतात. ते उजेडात फार वेळ ठेवले तर काळवंडते. म्हणून ज्यांच्याकडे ते असते, ते त्याला बंद पेटीत, अंधारात ठेवतात. दागिना असून तो दाखवता येऊ नये, अशी ही गंमत आहे. स्टेफनाइट काळे असते, तर पायरार्जिराइट गडद लाल. फ्रायबर्गच्या खाणींत ही सारी खनिजे सापडत. तेथील कामगारांना त्यांची चांगली ओळख होती, कारण त्यांच्यात चांदी असे आणि चांदीवरच त्यांचे घर चाले.

अशा या फ्रायबर्गमध्ये २६ डिसेंबर १८३८ रोजी क्लेमेन्स विंक्लर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील रसायनशास्त्र जाणणारे होते. स्वीडनमधील नामवंत रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांच्या हाताखाली ते शिकून आले होते. पुढे ते कोबाल्टपासून निळा रंग तयार करणाऱ्या एका कारखान्याचे प्रमुख झाले. काच आणि चिनी मातीची भांडी रंगवण्यासाठी हा रंग वापरत. कारखान्याच्या आवारातच क्लेमेन्सचे बालपण गेले. भट्टीची धग, खनिजांचे ढीग आणि वडिलांची प्रयोगशाळा हे त्याचे खेळण्याचे जग. खनिजे पाहण्याचा आणि ती ओळखण्याचा नाद त्याला लहानपणीच लागला.

एखादा दगड कशाचा बनला आहे, हे ठरवण्याच्या विद्येला रासायनिक विश्लेषण म्हणतात. ही विद्या क्लेमेन्स घरीच शिकला. १८५७ मध्ये फ्रायबर्गच्या खाण विद्यालयात त्याने नाव घातले. तेव्हा विश्लेषणाचा जो अभ्यास तेथे शिकवत, त्याच्या पुढे तो आधीच गेलेला होता. शिक्षणानंतर त्यांनी वडिलांप्रमाणेच निळ्या रंगाच्या कारखान्यात नोकरी केली. नोकरी सांभाळून अभ्यास चालू ठेवला. १८६४ मध्ये लाइपझिग विद्यापीठाने त्यांना डॉक्टरची पदवी दिली. त्यांचा प्रबंध सिलिकॉनच्या मिश्रधातूंविषयी होता. बावीस वर्षांनी सिलिकॉनचाच एक भाऊबंद त्यांच्या हाती लागणार होता, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार!

१८७३ मध्ये ते आपल्याच विद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी बरीच कामे केली. गंधकाम्ल बनवण्याची एक नवी पद्धत त्यांनी १८७५ मध्ये मांडली. भट्ट्यांमधून निघणाऱ्या वायूंची तपासणी कशी करावी, यावर ग्रंथ लिहिले. एवढ्यावरही त्यांचे नाव रसायनशास्त्रात राहिले असते. पण आपल्याला जायचे आहे १८८५ सालात.

फ्रायबर्गच्या दक्षिणेला हिमल्सफ्युर्स्ट नावाची एक जुनी खाण होती. या नावाचा अर्थ आहे स्वर्गाचा अधिपती. जमिनीखाली शेकडो मीटर खोल असलेल्या खाणीला असे नाव कोणी दिले असेल, याचे मला नेहमी कौतुक वाटते. १८८५ मध्ये या खाणीत एक अनोळखी खनिज मिळाले. रंगाने ते करडे होते. त्यात किंचित जांभळी झाक होती आणि धातूसारखी चकाकी होती. चांदीची पुष्कळ खनिजे करडी-काळी असतात, तेव्हा दिसायला ते फारसे वेगळे नव्हते. घाईत असलेल्या माणसाने ते सरळ भट्टीकडे पाठवले असते. त्यातून चांदीही भरपूर मिळाली असती. परंतु ते विद्यालयातील खनिजशास्त्राचे प्राध्यापक आल्बिन वाइसबाख यांच्यापर्यंत पोहोचले. वाइसबाख यांनी ते निरखले आणि हे खनिज नवे आहे, असे ठरवले. त्यात चांदी फार म्हणून त्यांनी त्याला ग्रीक भाषेवरून नाव दिले अर्जिरोडाइट, म्हणजे चांदीने समृद्ध. व्यापक अर्थाने हेही सल्फोसॉल्टांच्या कुटुंबातले मानतात.

विद्यालयाचे प्रमुख तेओडोर रिख्टर यांनी फुंकनळीच्या ज्योतीवर त्याची पहिली परीक्षा केली. चांदी आणि गंधक तर सापडलेच, शिवाय थोडासा पाराही दिसला. फ्रायबर्गच्या खनिजांत पारा सहसा मिळत नसे. आता पूर्ण विश्लेषण करणे जरूर होते. ते काम विंक्लर यांच्याकडे आले.

विश्लेषण म्हणजे एका अर्थाने हिशेब. हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे, त्यामुळे अधिक सांगायला नको. शंभर रुपये घेऊन बाजारात गेलात, तर परत आल्यावर खर्च आणि उरलेले पैसे मिळून शंभर भरले पाहिजेत. दगडाचेही तसेच. त्याचे शंभर भाग केले आणि प्रत्येक पदार्थ वेगळा काढून तोलला, तर सगळ्यांची बेरीज शंभर यायला हवी. अर्जिरोडाइटच्या शंभर भागांत चांदी सुमारे पंच्याहत्तर भाग निघाली. गंधक सुमारे सतरा. लोह, पारा आणि जस्त हे तिन्ही मिळून एकाहून थोडे जास्त. बेरीज किती झाली? त्र्याण्णव. उरलेले सात भाग कोठे गेले?

थोडीफार चूक कोणाच्याही हातून होते. गाळताना काही सांडते, तोलताना तराजू किंचित हलतो. शंभराच्या जागी साडेनव्व्याण्णव आले, तर कोणी बोट ठेवत नाही. परंतु सात भाग म्हणजे फार झाले. विंक्लर यांनी विश्लेषण पुन्हा केले. पुन्हा सहा-सात भाग कमी! आणखी काळजीपूर्वक केले, तरी तेच. दुसरा एखादा मनुष्य म्हणाला असता, नमुनाच खराब आहे. विंक्लर यांचा आपल्या हातावर विश्वास होता. चूक दर वेळी सारखीच होत असेल तर ती चूक नव्हे, असा विचार त्यांनी केला. या दगडात कोणीतरी लपून बसले आहे आणि ते माझ्या ओळखीचे नाही, हे त्यांनी मनाशी पक्के केले.

मग शोध सुरू झाला. तो हिवाळा त्यांनी प्रयोगशाळेत काढला. लपलेला पदार्थ आर्सेनिक आणि अँटिमनी यांच्यासारखा असावा, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी खनिजाची पूड सोडा आणि गंधक यांच्याबरोबर तापवून वितळवली, ती पाण्यात विरघळवली आणि त्या द्रावणात आम्ल घातले. आर्सेनिक आणि अँटिमनी अशा वेळी गंधकाशी जोडी करून तळाशी बसतात. हा साका गाळून काढतात आणि पाण्याने धुतात. यात नवे काही मिळेना. असे का होत होते, ते आज आपल्याला सांगता येते. त्या लपलेल्या पदार्थाची गंधकाशी झालेली जोडी सौम्य आम्लात तळाशी बसतच नाही, आणि साध्या पाण्यातही ती विरघळते. म्हणजे विंक्लर साका धुऊन स्वच्छ करत होते, तेव्हा ज्याला शोधायचे तोच पाण्याबरोबर निघून जात होता!

अखेर ६ फेब्रुवारी १८८६ चा दिवस उजाडला. साका गाळून उरलेले पाणी विंक्लर यांनी फेकले नाही. त्यात त्यांनी हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, आणि ते थोडेथोडके नाही, तर भरपूर घातले. त्याबरोबर भांड्यात पांढऱ्या रंगाचा, कापसाच्या पिंजल्यासारखा साका जमू लागला. आर्सेनिकचा साका पिवळा असतो, अँटिमनीचा नारिंगी. हा पांढरा होता. विंक्लर यांनी तो सुकवला, हायड्रोजन वायूत तापवला आणि त्यातून करड्या रंगाचा एक पदार्थ हाती आला. तो तोलून हिशेबात घातला, तेव्हा शंभराची बेरीज जमली. हरवलेले सात भाग सापडले होते. जगात आतापर्यंत कोणालाही माहीत नसलेले ते एक मूलद्रव्य होते.

विंक्लर यांनी त्याला आपल्या देशाच्या लॅटिन नावावरून जर्मेनियम म्हटले. आधी त्यांच्या मनात दुसरेच नाव होते. नेपच्यून हा ग्रह १८४६ मध्ये आधी गणिताने आणि नंतर दुर्बिणीने सापडला. त्याच्यावरून मूलद्रव्याला नेपच्युनियम म्हणावे, असे त्यांना वाटत होते. परंतु ते नाव आणखी कोणीतरी आपल्या एका तथाकथित मूलद्रव्याला देऊन टाकले होते. ते मूलद्रव्य पुढे खोटे ठरले. नाव मात्र अडून राहिले. आज जे नेपच्युनियम आहे, ते १९४० मध्ये सापडलेले तिसरेच. जर्मेनियम या नावावरही एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हरकत घेतली. त्यात देशाभिमानाचा वास येतो, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी, की त्याच्याच देशात अकरा वर्षांपूर्वी सापडलेल्या गॅलियमचे नावही फ्रान्सच्या जुन्या नावावरून ठेवलेले होते!

आता या गोष्टीत एक रशियन गृहस्थ येतात. दिमित्री मेंडेलीव्ह यांचे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. त्यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची सारणी तयार केली होती. वर्गात उंचीप्रमाणे मुले उभी करावीत, तशी त्यांनी मूलद्रव्ये अणुभाराप्रमाणे आणि गुणांप्रमाणे मांडली. काही जागा रिकाम्या राहिल्या. मेंडेलीव्ह म्हणाले, या जागेवरची मूलद्रव्ये आहेत, पण ती अजून सापडलेली नाहीत. १८७१ मध्ये त्यांनी अशा तीन मूलद्रव्यांचे गुणही आधीच लिहून ठेवले. एक ॲल्युमिनियमच्या खालचे, एक बोरॉनच्या खालचे आणि एक सिलिकॉनच्या खालचे. त्यांना तात्पुरती नावे हवी होती. ती त्यांनी एका संस्कृत शब्दाने बनवली, एका घराने पुढचा म्हणून एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन आणि एक-सिलिकॉन. मराठीतला एक आणि उर्दूतला एक, तोच हा शब्द. 

यांतले पहिले मूलद्रव्य १८७५ मध्ये गॅलियमच्या रूपाने सापडले, दुसरे १८७९ मध्ये स्कँडियमच्या रूपाने. तिसरे राहिले होते. जर्मेनियम हेच ते तिसरे, हे आज आपण पुस्तक उघडून सांगू शकतो. तेव्हा मात्र घोळ झाला. विंक्लर यांना वाटले, आपले मूलद्रव्य अँटिमनी आणि बिस्मथ यांच्या मधल्या रिकाम्या जागेत बसेल. खुद्द मेंडेलीव्ह यांना वाटले, ते कॅडमियमच्या खाली जाईल. ज्याने भाकीत केले, त्यालाच आपले भाकीत दारात उभे असताना ओळखू आले नाही! ते ओळखले ब्रेस्लाउ येथील व्हिक्टर फोन रिख्टर यांनी. (हे रिख्टर निराळे, फुंकनळीवाले निराळे.) हे एक-सिलिकॉनच आहे, असे त्यांनी विंक्लर यांना कळवले. लोथार मायर या जर्मन शास्त्रज्ञांचेही तेच मत पडले.

वाद मिटवायचा तर पुन्हा तराजूच हवा होता. पण त्यासाठी जर्मेनियम आणखी लागणार, आणि अर्जिरोडाइट तर दुर्मीळ. जो नमुना संग्रहाच्या कपाटात शोभला असता, तो फोडून, वितळवून, आम्लात घालून संपवायचा! खनिजे जमवणाऱ्याच्या जिवाला हे लागणारच. विंक्लर स्वतः लहानपणापासून खनिजांवर जीव लावणारे. तरीही, मिळेल तेवढे खनिज घेऊन त्यांनी शुद्ध जर्मेनियम तयार केले आणि एकेक गुण मोजला.

मेंडेलीव्ह यांनी अणुभार ७२ सांगितला होता. विंक्लर यांना ७२.३२ मिळाला. घनता त्यांनी ५.५ सांगितली होती. ती निघाली ५.४७. एखादा पदार्थ पाण्याच्या किती पट जड, ते घनतेवरून कळते. तुमच्या ओळखीच्या अल् बिरुनी यांनी हजार वर्षांपूर्वी रत्ने आणि धातू पाण्यात तोलून हेच मोजले होते. जर्मेनियमची क्लोरीनशी जोडी केली, तर जो द्रव बनेल तो १०० अंशांच्या आत उकळेल, असेही मेंडेलीव्ह यांनी लिहिले होते. विंक्लर यांच्या हातात तो ८६ अंशांना उकळला. पंधरा वर्षांपूर्वी कागदावर लिहिलेले आकडे आणि फ्रायबर्गच्या दगडातून निघालेले आकडे असे समोरासमोर आले. मेंडेलीव्ह यांनी आपला पहिला अंदाज मागे घेतला. विंक्लर यांनीही आपला घेतला. नावाच्या वादात तर मेंडेलीव्ह विंक्लर यांच्याच बाजूने उभे राहिले. पुढे दोघांची चांगली मैत्री जमली. १९०० मध्ये बर्लिन येथे एका समारंभात दोघांचे एकत्र छायाचित्र काढले गेले. मेंडेलीव्ह यांची लांब दाढी आणि शेजारी विंक्लर, असे ते चित्र रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या पुस्तकांत पाहायला मिळते.

विंक्लर १८९६ ते १८९९ या काळात विद्यालयाचे प्रमुख होते. १९०२ मध्ये ते निवृत्त झाले. ८ ऑक्टोबर १९०४ रोजी ड्रेस्डेन येथे त्यांचे निधन झाले. जर्मेनियमचा काही उपयोग होतो, हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या हयातीत ते मूलद्रव्य म्हणजे प्रयोगशाळेतली एक नवलाची वस्तू होती. १९४७ मध्ये अमेरिकेत जगातला पहिला ट्रान्झिस्टर बनला, तो जर्मेनियमच्या स्फटिकावर. त्यानंतर खिशात मावणारे रेडिओ आले. पुढे ट्रान्झिस्टरसाठी सिलिकॉन अधिक सोयीचे ठरले. तरी अंधारात उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या भिंगांत आणि काचेच्या तंतूंत जर्मेनियम आजही लागते.

१८९३ मध्ये अमेरिकन खनिजशास्त्रज्ञ सॅम्युअल पेनफिल्ड यांना दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाच्या चांदीच्या खनिजातही जर्मेनियम आढळले. तेही पोतोसीसारख्या जुन्या, शेकडो वर्षे खणलेल्या प्रदेशातले. तेथेही कित्येक पिढ्यांनी चांदी काढून घेतली असेल आणि जर्मेनियम भट्टीच्या धुरात व मळीत सोडून दिले असेल. फ्रायबर्गलाही सातशे वर्षांत असे किती वेळा झाले असेल, कोण जाणे.

चांदीचा भाव उतरत गेला आणि १९१३ मध्ये फ्रायबर्गच्या खाणी बंद झाल्या. नंतर शिसे आणि जस्त यांच्यासाठी त्या पुन्हा उघडल्या आणि १९६९ मध्ये कायमच्या बंद झाल्या. त्या डोंगराळ भागातील जुन्या खाणींच्या प्रदेशाला २०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. विद्यालय आता विद्यापीठ झाले आहे. त्याचे खनिजांचे संग्रह फ्रायबर्गमध्ये अजून जपलेले आहेत आणि विंक्लर यांचे स्मृतिदालनही तेथे आहे.

आज जगाला लागणारे जर्मेनियम मुख्यतः जस्ताच्या खनिजांतून आणि काही प्रकारच्या कोळशाच्या राखेतून काढतात. अर्जिरोडाइटसाठी कोणी खाण खणत नाही. हिमल्सफ्युर्स्टचे जे तुकडे उरले आहेत, ते जुन्या संग्रहांच्या कपाटांत आहेत, प्रत्येकाखाली त्याची पिवळी पडलेली चिठ्ठी ठेवून.